संगणकावरील आरेखन आणि लॅपटॉपची निवड

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक ह्यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी समाजोन्नती ह्या विषयावर बोलत असतो, आणि चिटणीसांनी आम्हांसही तोच विषय सुचविला होता. परंतु विद्यार्थी साहाय्य फंडाकडे येणाऱ्या अर्जांची छाननी गेली काही वर्षे आमच्याकडे आहे, आणि ते अर्ज वाचता वाचता आमची अशी खात्री झाली आहे की, समाजाचा पैसा आज ज्या एका वस्तूवर सर्वांत अधिक खर्च होत आहे, त्या वस्तूविषयी चार शब्द स्पष्टपणे बोलणे हेच अधिक उपयोगाचे होईल. ती वस्तू म्हणजे लॅपटॉप. आणि त्यातही संगणकावर आरेखन करण्यासाठी, म्हणजे ज्याला आपली मुले ‘कॅड’ म्हणतात त्या कामासाठी, घेतलेला लॅपटॉप.

आमचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. हयात शाळेत भूमिती व हस्तव्यवसाय शिकविण्यात गेली. तेव्हा ‘मास्तरांनी लॅपटॉपवर काय बोलावे?’ अशी शंका कोणास आल्यास ती अस्थानी नाही. आमचे उत्तर इतकेच की, भोसरी, चाकण, सातपूर आणि शिरोली येथील कारखान्यांत व आरेखन-कचेऱ्यांत आपल्या समाजाची जी मुले-मुली काम करतात, त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून आम्ही बसलो आहोत. त्यांचे यंत्र कोठे अडते आणि कोठे धावते ते डोळ्यांनी पाहिले आहे. आणि प्रोग्राम तयार करणाऱ्या कंपन्या स्वतः ज्या अटी प्रसिद्ध करतात त्या वाचल्या आहेत. ह्याहून अधिक अधिकार आम्ही सांगत नाही.

हा विषय आपल्याला परका नाही, हेही प्रारंभीच सांगितले पाहिजे. आपल्या वाडवडिलांचा हात लाकडावर बसलेला. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्र्यांत ओतकामासाठी जे लाकडी पॅटर्न लागत, ते करणारे हात बहुतांशी आपल्यासारख्या घरांतलेच होते. पॅटर्न करणाऱ्याजवळ एक निराळी पट्टी असे. बीड थंड होताना आकसते, मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर. म्हणून तेवढी वाढ धरूनच त्या पट्टीवरील मापे आखलेली असत. नवख्या पोराने चुकून ती पट्टी उचलून दाराची चौकट कापली की काय होई, ते येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. आज तेच पॅटर्न आधी संगणकावर घडते, ती वाढ एका आकड्याने दिली जाते, आणि मग यंत्र लाकूड, राळ किंवा ॲल्युमिनियम कापते. विद्या तीच आहे; बाक बदलला आहे. इव्हान सदरलँड ह्यांनी अमेरिकेतील एम.आय.टी. येथे १९६३ मध्ये पडद्यावर रेषा काढणारा ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम दाखविला, तेव्हा त्यासाठी लागणारे यंत्र खोली भरून टाकील एवढे होते. १९८२ मध्ये ऑटोकॅड निघाले आणि हे काम टेबलावरच्या संगणकावर आले. आता ते मांडीवर आले आहे. असो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. फंडाकडील दोन प्रकरणे नावे न घेता सांगतो. एका भगिनीने आपल्या मुलासाठी हातातील पाटल्या गहाण ठेवून लाखावर किमतीचा लॅपटॉप घेतला. मुलगा आय.टी.आय.मध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करीत होता. घराचा नकाशा, पायाचा छेद, जिन्याची मापे, अशी कागदावरची सपाट रेखाटने हेच त्याचे काम. दुकानदाराने ‘कॅड म्हटले की मोठे ग्राफिक्स कार्ड पाहिजेच’ असे ठासून सांगितले आणि माउलीने विश्वास ठेवला. ते कार्ड त्या मुलाच्या कामात जवळजवळ स्वस्थ बसून असते. पाटल्यांवरचे व्याज मात्र स्वस्थ बसत नाही. दुसरे प्रकरण ह्याच्या अगदी उलट. यांत्रिकी पदविकेच्या एका विद्यार्थिनीला पातळ, सुबक, वजनाला हलका असा लॅपटॉप घेऊन दिला. त्यात ८ जीबी रॅम, आणि तीही पाटीवर डाख देऊन कायमची बसविलेली. दुसऱ्या वर्षी तिला गिअरबॉक्सची पूर्ण जुळणी करावयाची होती. एकेक सुटा भाग उघडे. सर्व भाग एकत्र आणले की यंत्र थिजून जाई. रॅम वाढविण्याची सोय नाही, तेव्हा दुसरा लॅपटॉप घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. एके ठिकाणी पैसा गरजेहून जास्त गेला, दुसरीकडे गरजेहून कमी. आणि दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो प्रश्न असा: ह्या यंत्रावर नेमका कोणता प्रोग्राम चालावयाचा आहे, आणि त्यात किती मोठे काम व्हावयाचे आहे?

ह्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते महाविद्यालयाच्या प्राध्यापकांकडे, आय.टी.आय.च्या निदेशकांकडे किंवा जेथे नोकरी करावयाची त्या कचेरीत मिळते. इमारतीचे सपाट नकाशे असतील तर बहुधा ऑटोकॅड. वास्तुरचनेच्या कचेरीत रेव्हिट. यंत्रांच्या भागांसाठी सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, क्रिओ, एनएक्स किंवा कॅटिया. घरांच्या अंतर्गत सजावटीसाठी स्केचअप आणि त्याच्या जोडीला लाकडाचा, उजेडाचा, सावलीचा हुबेहूब भास निर्माण करणारे लुमियनसारखे प्रोग्राम. ही नावे पालकांनी पाठ करण्याचे कारण नाही. मुलाकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावीत आणि ती चिठ्ठी खिशात घालूनच दुकानाची पायरी चढावी.

प्रोग्राम ठरला की अर्धी निवड आपोआप होते. उदाहरणार्थ, ॲपल कंपनीचे लॅपटॉप अत्यंत उत्तम बांधणीचे असतात ह्यात वाद नाही. परंतु सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि इन्व्हेंटर हे प्रोग्राम त्यांच्या मॅक प्रणालीसाठी निघतच नाहीत. पूर्वी त्याच यंत्रावर विंडोज बसवून मार्ग काढता येत असे; २०२० पासून ॲपलने स्वतःचे प्रोसेसर घालावयास प्रारंभ केला आणि त्या नव्या यंत्रांवर तो मार्ग बंद झाला. ऑटोकॅड, फ्यूजन, राइनो हे मॅकवर चालतात, म्हणून ज्याचे काम तेवढ्यातच आहे त्याने खुशाल घ्यावा. विंडोजच्याही काही नव्या लॅपटॉपांत मोबाइल फोनच्या जातीचे, ‘आर्म’ रचनेचे प्रोसेसर असतात. बॅटरी फार वेळ टिकते म्हणून त्यांची वाखाणणी होते. यांत्रिकी आरेखनाचे मोठे प्रोग्राम इंटेल व एएमडी ह्यांच्या रचनेसाठी लिहिलेले आहेत. तेव्हा ह्या वाटेला न गेलेले बरे.

प्रोसेसरविषयी थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण फसगत सर्वांत अधिक तेथे होते. ‘ह्यात दहा कोअर आहेत, त्यात चौदा आहेत,’ असे दुकानदार सांगतो आणि आपणास वाटते, चौदा हात दहांपेक्षा जास्त काम करणारच. आता आपल्या घरचाच दाखला घ्या. खुर्चीचा एक पाय करावयाचा आहे. आधी लाकूड रंधावयाचे, मग मापाने कापावयाचे, मग खाच पाडावयाची, मग कडा गोल करावयाच्या. ह्या एका पायावर आठ सुतार बसविले म्हणून तो आठपट लवकर होईल काय? खाच पाडणाऱ्याला कापणाऱ्याचा हात थांबेपर्यंत वाट पाहावीच लागते. सॉलिडवर्क्ससारख्या प्रोग्राममध्ये वस्तू घडते ती अगदी ह्याच क्रमाने. आधी ठोकळा, त्यावर भोक, त्या भोकाच्या कडेला उतार. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी. वरच्या एका मापात बदल केला की खालच्या सर्व पायऱ्या क्रमाने पुन्हा घडवाव्या लागतात. हे काम मुख्यत्वे एका वेळी एकच कोअर करतो. ऑटोकॅडचीही बहुतेक कामे ह्याच जातीची आहेत. म्हणून येथे कोअरांची संख्या गौण, आणि एकट्या कोअरचा वेग, जो गिगाहर्ट्झ ह्या मापात सांगतात, तो प्रधान. कमाल वेग चार गिगाहर्ट्झच्या वर असावा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

ह्याला अपवाद आहेत. तयार खोलीचे छायाचित्रासारखे चित्र काढणे, किंवा एखाद्या सांध्यावर भार आला असता तो कोठे वाकेल ह्याचे गणित करणे, ही कामे भिंत रंगविण्यासारखी आहेत. भिंतीचे चार भाग करून चार रंगारी लावता येतात. अशा कामांत कोअरांची संख्या खरोखरच उपयोगी पडते. म्हणूनच आम्ही पुनःपुन्हा म्हणतो की काम कोणते ते आधी ठरवा.

प्रोसेसरच्या नावाशेवटी एक इंग्रजी अक्षर असते. त्याकडे आमच्या पाहण्यात फारच थोडे पालक लक्ष देतात. इंटेलच्या अनेक पिढ्यांत ‘यू’ हे अक्षर कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरचे आणि ‘एच’ हे अधिक वीज घेऊन अधिक काम उपसणाऱ्याचे आहे. यू जातीचा मूळ हिशेब १५ वॅटचा, तर एच जातीचा ४५ वॅटचा. ‘आय सेव्हन’ हे नाव ‘आय फाइव्ह’पेक्षा मोठे वाटते खरे, परंतु तेराव्या पिढीतील आय सेव्हन १३५५ यू ह्यात मोठे कोअर दोन, आणि त्याच पिढीतील आय फाइव्ह १३५०० एच ह्यात चार. पहिला थोडा वेळ जोराने पळतो, पण लांबच्या जड कामात दुसऱ्याच्या मागे पडतो. शर्यतीचे घोडे आणि नांगराचे बैल ह्यांतला हा भेद शेतकऱ्याच्या मुलाला निराळा समजावून द्यावयास नको. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांतही शेवटचे अक्षर असेच पाहावे. अलीकडे दोन्ही कंपन्यांनी नावे पुन्हा बदलली आहेत, आणि ग्राहकाचा गोंधळ उडावा म्हणूनच ती बदलतात की काय, असे आम्हांस कधी कधी वाटते.

रॅम ही कामाच्या बाकासारखी आहे. बाक लहान असला की प्रत्येक वेळी हत्यार खाली ठेवून दुसरे उचलावे लागते. ऑटोकॅडची स्वतःची किमान अट ८ जीबी आहे. परंतु त्याच वेळी दुसरे चार कागद उघडे ठेवून काम करणाऱ्या विद्यार्थ्याने १६ जीबीच्या खाली जाऊ नये. रेव्हिटची किमान अटच १६ जीबी आहे, आणि मोठ्या जुळण्यांसाठी ३२ जीबी असणे इष्ट. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी चढले, आणि पुष्कळांचे अंदाजपत्रक कोलमडले. अशा वेळी आज १६ जीबी घेऊन उद्या वाढविता यावी, अशी रिकामी खाच असलेले यंत्र निवडणे शहाणपणाचे. दुकानदाराला स्पष्ट विचारावे: रॅम काढता-घालता येते की पाटीवर कायमची बसविलेली आहे? ज्या विद्यार्थिनीचा दाखला वर दिला, तिच्या बाबतीत हा एकच प्रश्न पैसे वाचविता. मात्र ज्या लॅपटॉपमध्ये निराळे ग्राफिक्स कार्ड नाही, तेथे चित्राचे कामही ह्याच रॅममधून चालते. त्यात एकाऐवजी दोन पट्ट्या जोडीने बसविल्या तर वेगात चांगला फरक पडतो.

साठवणुकीसाठी एसएसडी असावी, ५१२ जीबीपेक्षा कमी नसावी. येथे अधिक बोलण्यासारखे काही नाही.

आता ग्राफिक्स कार्ड. पाटल्यांचे प्रकरण ह्यावरूनच घडले. घडविलेली वस्तू पडद्यावर गरगर फिरविणे, जवळ आणणे, दूर नेणे, तिच्यावर छाया-प्रकाश दाखविणे, हे ह्या कार्डाचे काम. सपाट नकाशांसाठी प्रोसेसरमध्येच असलेले आजचे चित्रसामर्थ्य पुरते. शे-दोनशे भागांच्या यंत्राच्या जुळणीसाठी मध्यम प्रतीचे निराळे कार्ड, ६ ते ८ जीबी स्मृतीचे, असले म्हणजे काम निभावते. अंतर्गत सजावटीची हुबेहूब चित्रे काढणाऱ्याला मात्र ह्याच कार्डावर पोट भरावयाचे असते. तेथे हात आखडता घेऊ नये. लुमियनसारखे प्रोग्राम सर्व भार कार्डावरच टाकतात.

कार्डांचे दोन वर्ग आहेत. एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स नावाची कार्डे खेळांसाठी म्हणून विकली जातात, आणि पूर्वी क्वाड्रो ह्या नावाने ओळखली जाणारी, आता नुसती आरटीएक्स म्हणवणारी, कार्डे व्यावसायिकांसाठी. दोहोंतील चिप पुष्कळदा एकाच घराण्यातील असते. फरक पडतो तो त्यांना चालविणाऱ्या ड्रायव्हरमध्ये आणि प्रमाणपत्रात: अमुक कार्डावर आमचा प्रोग्राम नीट चालतो, असे प्रोग्रामच्या कंपनीने तपासून जाहीर केलेले असते. सॉलिडवर्क्स अशी यादी प्रसिद्ध करते, आणि तिचे काही दृश्यप्रकार मान्य कार्डांवरच नीट उमटतात. ज्या कारखान्यात एक तास काम थांबले तर हजारोंचे नुकसान होते, त्याने हे प्रमाणपत्र विकत घ्यावे. विद्यार्थ्याने घेण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे. किंबहुना खेळासाठी म्हणून विकले जाणारे लॅपटॉप ह्या कामास पुष्कळदा स्वस्त आणि सोयीचे ठरतात. त्यांत एच जातीचे प्रोसेसर असतात, पंखे दणकट असतात, रॅम वाढविता येते. वरच्या झाकणावरील राक्षसाचे तोंड पाहून वडील मंडळींनी नाक मुरडू नये. मुलगा त्यावर रात्री खेळ खेळेल ही भीती खरी आहे. पण ती कार्डाची बाब नव्हे, घरातल्या शिस्तीची आहे.

आणखी एक खाचखळगा येथेच सांगून ठेवतो. कार्डाचे नाव एकच असले तरी त्याला वीज किती मिळते ते लॅपटॉपगणिक निराळे असते. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपमधील कार्ड कोठे ३५ वॅटवर चालते, कोठे ११५ वॅटवर. पातळ देहाच्या लॅपटॉपमध्ये तेच नाव असून काम कमी मिळते. हा आकडा जाहिरातीत बारीक टायपात असतो; दुकानदाराला माहीत नसला तर कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावा.

उष्णतेचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. थंड हवेच्या देशात घेतलेल्या चाचण्यांवर विसंबून अकोल्याच्या किंवा नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली बसून काम करावयाचे, आणि यंत्र संथ झाले म्हणून कंपनीला दोष द्यावयाचा, हे बरोबर नाही. प्रोसेसर ठराविक मर्यादेहून तापला की स्वतःला वाचविण्यासाठी आपोआप वेग कमी करतो. गादीवर किंवा मांडीवरील उशीवर ठेवलेला लॅपटॉप हा नाक दाबलेल्या माणसासारखा. मागील बाजू दोन बोटे वर उचलून, टणक पृष्ठभागावर ठेवावा. वर्षातून एकदा जाणकाराकडून आतील धूळ काढून घ्यावी. बॅटरीवर हे जड लॅपटॉप तास-दोन तासच टिकतात आणि त्या वेळी पूर्ण वेगही देत नाहीत. जेथे वीज वारंवार जाते अशा गावच्या विद्यार्थ्याने हे आधीच हिशेबात धरावे. चार्जरच अर्धा किलोच्या वर भरतो, आणि तो रोज एस.टी.च्या गर्दीत वाहून न्यावयाचा असतो, हेही.

पडदा पंधरा-सोळा इंचांचा आणि न चकाकणारा असावा. कळफलकाच्या उजवीकडे आकड्यांचा निराळा गट असलेला लॅपटॉप अवश्य पाहावा. आरेखक दिवसभर मापेच टंकित असतो, अक्षरे थोडी. माऊस तर हवाच, आणि त्याचे मधले चाक दाबता येणारे हवे, कारण रेखाटन सरकविणे आणि फिरविणे हे सर्व त्या चाकावर चालते. चारशे रुपयांचा माऊस घेण्यास कुरकुरणारी आणि बोटाने घासून मनगट दुखवून घेणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

पण मुळात लॅपटॉपच कशासाठी, हा प्रश्न आम्ही पालकांना विचारतो, आणि तो त्यांना आवडत नाही. मुलगी घरी राहून शिकत असेल आणि महाविद्यालयात संगणकशाळा असेल, तर त्याच पैशांत टेबलावरचा संगणक अधिक वेगाचा, अधिक थंड राहणारा आणि पुढे भाग बदलता येणारा मिळतो. शिवाय मोठा पडदा मिळतो. वसतिगृहात राहणाऱ्याला, किंवा साइटवर नकाशा घेऊन जाणाऱ्याला, लॅपटॉपवाचून गती नाही. शेजारच्या मुलाने घेतला म्हणून आपण घ्यावयाचा, हे कारण फंडाच्या अर्जात कोणी लिहीत नाही, पण दोन ओळींच्या मध्ये ते आम्हांस वाचता येते.

ऐपत बेताची असेल तर वापरलेल्या यंत्राचा विचार कमीपणाचा मानू नये. मोठ्या कंपन्या आपले व्यावसायिक लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात. डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक, लेनोव्हो थिंकपॅड पी ह्या मालिकांतील अशी यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मिळतात. बांधणी दणकट, रॅम वाढविता येणारी, आणि कार्ड प्रमाणित. मात्र विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. म्हणून यंत्र विंडोज ११ घेण्याजोगे आहे की नाही ते पाहणे अगत्याचे. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो निदान आठव्या पिढीचा असावा. घेण्यापूर्वी अर्धा तास सलग जड काम चालवून पाहावे, पंख्याचा आवाज ऐकावा, बिजागरी हलवून पाहावी, बॅटरीची झीज तपासावी, आणि पावती व लेखी हमी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बैलाचे दात न पाहता बैल विकत घेणारा आपल्यात कोणी नव्हता.

प्रोग्रामच्या पैशांविषयीही एक शब्द. चोरून मिळविलेली प्रत घालून देतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या प्रतीबरोबर यंत्रात काय काय शिरते ते सांगता येत नाही, आणि नोकरीच्या जागी तीच सवय लागली तर मालक अडचणीत येतो. वस्तुतः विद्यार्थ्याला त्याची गरजच नाही. ऑटोडेस्क कंपनी ऑटोकॅड, रेव्हिट, इन्व्हेंटर हे प्रोग्राम विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी एका वर्षापुरते विनामूल्य देते, आणि विद्यार्थी असल्याचा पुरावा दिल्यास मुदत वाढविता येते. फ्रीकॅड हा प्रोग्राम तर सर्वांनाच मोफत आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली. ज्या मुलाजवळ आज साधाच संगणक आहे, त्याने नव्या यंत्राची वाट न पाहता त्यावर हात बसवावा.

हात बसविणे ह्यावर शिक्षक म्हणून थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, ज्यांनी मनापासून दिल्या आहेत ती मुले कॅडमध्ये लवकर रुळतात, असे आमचे निरीक्षण आहे. वस्तूचा वरून, समोरून आणि बाजूने दिसणारा आकार डोळ्यांपुढे उभा राहणे ही ह्या कामाची खरी पूंजी. आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे प्रथम कोनाचे प्रक्षेपण वापरतात, म्हणजे वरून दिसणारा आकार समोरच्या आकाराच्या खाली येतो. अमेरिकेत तो वर काढतात. संगणक दोन्ही पद्धतींनी तितक्याच तत्परतेने काढून देतो. कोणती हवी ते ज्याला माहीत नाही, त्याने काढलेला भाग कारखान्यात उलटा घडतो आणि भंगारात जातो. लाखाचा लॅपटॉप ही चूक लवकर करून देईल, एवढेच.

शेवटी कार्यकारी मंडळाला आमची एक विनंती आहे. आजवर फंडातून प्रत्येक अर्जदाराला सारखीच रक्कम देण्याची प्रथा आहे. समतेच्या दृष्टीने ती चांगली दिसते. परंतु तिचा परिणाम असा होतो की सपाट नकाशे काढणारा आणि शेकडो भागांची जुळणी करणारा ह्यांना एकच माप लावले जाते, आणि उरलेल्या पैशांसाठी एकाला दागिना मोडावा लागतो, तर दुसरा नको ते कार्ड घेतो. रक्कम कामावरून ठरावी. तसेच आपल्या कार्यालयाच्या मागील खोलीत, जेथे सध्या जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत, तेथे टेबलावरचे दोन चांगले संगणक ठेवावेत. सपाट नकाशांचे काम मुलांनी आपापल्या साध्या यंत्रावर करावे, आणि जड जुळणी किंवा चित्र तयार करण्यासाठी येथे यावे. पाळी लावून दिल्यास दोन संगणकांत पुष्कळांची सोय होईल. खुर्च्या कोठे ठेवावयाच्या हा प्रश्न मंडळाने सोडवावा. खोली रंगवून देण्याचे काम आम्ही काही निवृत्त मंडळींनी पत्करले आहे.

फंडाच्या अर्जाचा नवा नमुना आम्ही तयार केला असून त्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्यात ‘कोणत्या प्रोग्रामसाठी’ हा रकाना पहिला आहे, आणि त्याखाली प्राध्यापकांच्या किंवा निदेशकांच्या सहीला जागा आहे. किमतीचा रकाना त्यानंतरचा. अर्ज महिनाअखेर चिटणीसांकडे द्यावेत. ज्यांना भरताना अडचण येईल त्यांच्यासाठी आम्ही रविवारी सकाळी कार्यालयात बसत असतो.